सव्वा महिन्याची अट

माझ्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला आम्ही नवजात विभागात शिकवायचो. घरी गेल्यावर हे चालू राहतं का आणि बाळाचं वजन वाढतं का, एवढंच मला बघायचं होतं. बाळ महिन्याचं झालं की परत तपासायचं, असं माझ्या मार्गदर्शकांनी ठरवलं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "सर, दीड महिना ठेवू या. लशीला सगळे येतातच."

"बाहेरच्या अभ्यासांत महिना आहे," ते म्हणाले. "बाळं तुमच्या सोयीने वाढत नाहीत, डॉक्टर."

सर जुन्या पुण्याचे. सव्वा महिना बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही, हे त्यांच्या घरीही पाळलं असणार. पण एकदा अभ्यासाचा आराखडा समोर आला की घर कोणाला आठवत नाही.

बाळं आली नाहीत. मी फोन करायचे, तो बाळाची आजी उचलायची. "सव्वा महिना होऊ दे, मग बघू." पुरेशी बाळं तपासून झाली नाहीत तर प्रबंध सादर होणार नव्हता, आणि प्रबंधाशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. विभागाच्या बैठकीत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "विद्यार्थिनीचा पाठपुरावा कमी पडतोय."

मी उठले तेव्हा खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. "पाठपुरावा नाही सर, तारीख चुकली आहे. आणि ती मी ठरवलेली नाही." चहा फिरत राहिला.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची. आई आठवडी बाजारात बांगड्या विकायची. तिच्या शेजारी बसून मी दोन गोष्टी शिकले: गिऱ्हाईक उठलं तर सौदा गेला, आणि आपण चिडलो तरी गेलाच. पहिली गोष्ट मला जमते. सदाशिव पेठेतली खोलीसुद्धा मी मालकिणीला दोन तास उठू न देता मिळवली होती. दुसरी मात्र अजून जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. "वजनकाटा घेऊन मी घरोघरी जाते. नीतिसमितीकडे तसा बदल मागावा लागेल. तुमची सही हवी."

"हा दवाखाना आहे. घासाघीस करायला तुळशीबाग नव्हे."

"परिषदेत निष्कर्ष तुम्ही मांडा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आणि पेपरवर पहिलं नाव?"

"ते माझं. परिषद तुमची."

"तुम्ही वकील व्हायला हवं होतं," म्हणत त्यांनी सही केली. समितीचीही परवानगी आली.

पहिलं घर कात्रजचं. आजीने दाराची साखळी न काढताच विचारलं, "कोण?"

"दवाखान्यातून आलेय, आजी. बाळाचं वजन करायचंय."

"तान्ह्याचं वजन करू नये. दृष्ट लागते."

"काट्याची?"

"माणसाची गं बाई! आकडा तोंडातून निघाला की लागते."

"मग बोलणारच नाही. लिहून घेईन."

"आणि मला कसं कळणार?"

"तुम्हाला दाखवीन."

आजीने साखळी काढली. "पाय धुऊन ये. आणि वाचायचं मनातल्या मनात."

बाळ तिच्याच छातीशी होतं, जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधलेलं. आई आतल्या खोलीत झोपली होती. मी आईबद्दल विचारलं तर आजी म्हणाली, "तिला झोप नको? झोपली नाही तर दूध कुठून येणार?"

आमच्या प्रश्नावलीत फक्त आईचा वेळ विचारलेला होता. पुढच्या घरांत मी दारातच सांगायला लागले, आकडा बोलणार नाही. दारं उघडत गेली. जिथे आज्ज्या पाळीने बाळ घेत होत्या, तिथे बांधणं टिकलं होतं आणि वजनही बरं होतं. प्रबंधाचा गाभा तोच झाला. संख्या भरली, प्रबंध स्वीकारला गेला, मी परीक्षेला बसले आणि पास झाले.

नंतर परिषद झाली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सर म्हणाले, "घरी जाऊन बघितलं पाहिजे, हे माझ्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं." लोकांनी माना डोलावल्या. परिषद मी दिली होती. सुरुवात दिली नव्हती.

मग मागून एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "आमच्याकडे आज्ज्या काट्याजवळ बाळ नेऊ देत नाहीत. तुम्ही कसं जमवलंत?"

"समुपदेशनाने," सर म्हणाले.

"हो, पण नेमकं काय बोललात?"

सरांनी माईक थोडा खाली केला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत होते. तिथे तळाला, बारीक अक्षरांत, माझं नाव होतं. सौदा निष्कर्ष मांडण्याचा ठरला होता. उत्तर त्यात धरलेलं नव्हतं.

मी पडद्याकडेच बघत राहिले.