आधी कालवणाचं

पैसे घेऊन कनवटीला लावले की मावशीचा हात पुन्हा पाटीत जायचा. एक बोंबील उचलून ती माझ्या पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "ह्यो माज्या हातचा गो बाय." भाव करताना सख्ख्या बहिणीलाही एक रुपया न सोडणारी ही बाई, भाव संपला की अशी उदार व्हायची.

नवीन पनवेलच्या मासळीबाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर ती तुम्हाला दिसली असणारच. रांगेत पहिली, अंबाड्यात अबोलीची वेणी, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा भाजीवाला दचकावा. उरणकडच्या कोळीवाड्यातून बायका मिळून टेम्पो करायच्या आणि द्रोणागिरीच्या गोदामांमागून धक्के खात इथे यायच्या.

मी माहेरची नगरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मासळीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ताज्या बोंबलाला बोट लावून मी म्हटलं, "हा लिबलिबीत झालाय, खराब दिसतोय." अख्खी रांग खदखदून हसली. मावशी तेवढी हसली नाही.

"हसताव काय? बिचारीच्या गावाला दर्या नाय," ती बायांवर खेकसली, आणि मला विळीपुढे बसवून बोंबील कसा साफ करायचा ते दाखवलं. तेव्हापासून मी तिची झाले.

माझी मुलगी झाली तेव्हा माझी आई हयात नव्हती आणि सासूबाई गावी अंथरुणाला खिळलेल्या. मावशीला आमच्या वॉचमनकडून कळलं. जिने चढून ती धापा टाकत दारात उभी राहिली, हातात ताज्या मुडदुशा माशांची पिशवी. "दूध येतं ह्याच्यानं," म्हणाली आणि न विचारता स्वयंपाकघरात शिरली. पातळसं कालवण करून समोर बसून मला जेवू घातलं. मी पैशाचं विचारलं तर अशी काही भडकली!

"बालंतिनीचं म्हावरं कोन इकतं? ते कालवणाचं हाय."

मग तिनेच समजावलं. होडी धक्क्याला लागली की त्यांच्याकडे विक्रीच्या आधी थोडी मासळी बाजूला काढतात. ज्या घरचं माणूस होडीवर नाही, तिथल्या कालवणापुरती. विधवा असेल, आजारी असेल, बाळंतीण असेल. ती काढल्याशिवाय विकायची पाटी कुणी डोक्यावर घेत नाही. मी नगरची, तिसऱ्या मजल्यावरची, या लोकांत कधी जाऊन बसले मलाच कळलं नाही. त्या दिवशी ते कालवण जेवता जेवता मी रडले होते.

पुढे काही वर्षांनी ते सर्वेक्षणाचं जहाज आलं. समुद्राच्या तळाखाली तेल आहे का ते शोधायला, मागे लांबलचक केबली ओढत आणि पाण्यात आवाजाचे दणके देत ते फिरणार होतं. तेवढ्या भागातून जाळी काढून घ्या, असा होडीवाल्यांना निरोप आला. ऐन धंद्याच्या दिवसांत होड्या धक्क्याला बांधून पडल्या. बाजारातली रांग विरळ झाली. मावशी सुकट आणि सुके बोंबील मांडून बसायची आणि गिऱ्हाइकांना हाका मारायच्या ऐवजी माश्या हाकायची.

भरपाई जाहीर झाली, पण होडीमालकांना. मावशीच्या मुलाची होडी होती, म्हणजे तिच्या घरी पैसा येणार होता. त्याला तो हवाही होता, कारण होडीचं इंजिन नेमकं तेव्हाच बिघडलं होतं. पण मावशीच्या शेजारी पारू बसायची. तिचा नवरा समुद्रातच गेलेला. होडी नाही, घरात कमावणारं कुणी नाही. धक्क्यावर मासळी विकत घ्यायची आणि इथे विकायची, तेव्हा तिची चूल पेटायची. तिला आणि तिच्यासारख्या विकणाऱ्या बायकांना या भरपाईत कुणी धरलंच नव्हतं.

पनवेलच्या एका सभागृहात कंपनीने बैठक ठेवली. "बाय, तू चल. तुला सायबाशी बोलता येतं," मावशी मला म्हणाली. मी पतपेढीत नोकरीला, त्यामुळे साहेब या जातीची मला सवय. रात्रभर भाषण घोकून मी गेले. मावशी आली ती सुक्या बोंबलांची पाटी घेऊन. तिने ती थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब विंचू चावल्यासारखे उठले. "मावशी, हे आम्हाला चालत नाही. लोक लाच म्हणतील."

"लाच? अवो, कोनाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं काय?"

पाटी दाराबाहेर गेली, वास मात्र एसीत घुटमळत राहिला. साहेब कोकणातलेच असावेत. बोलता बोलता मध्येच खोल श्वास घ्यायचे.

"तुमच्या मुलाच्या होडीची भरपाई मंजूर आहे," ते म्हणाले. "मग तक्रार कसली?"

"माजी नाय, हिची," म्हणत मावशीने पारूला पुढे ढकललं.

"यांची होडी कुठली?"

"होडी नाय. पाटी हाय."

भरपाई मासे पकडणाऱ्यांना आहे, विकणाऱ्यांना द्यायची तरतूद नाही, असं साहेबांनी सांगितलं. मी भाषणासाठी घसा खाकरला. मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"मंग आमचंबी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "कालवणाचं काडल्याबिगर आमी पाटी उचलत नाय."

मागे उभ्या असलेल्या तिच्या मुलाचा चेहरा उतरला. "आये, इंजिन बंद हाय! दर्या खुला झाला तं जानार कशान?"

"माहीत हाय मना," ती मागे न बघता म्हणाली. तिचा आवाज मात्र पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला.

मुलगा तिच्याशी बोलेनासा झाला. पुढचं मला पारूने सांगितलं. मावशी कोळीवाड्यात दारोदार फिरली. होडीमालकांच्या बायकांना, म्हाताऱ्यांना एकच विचारायची, "कालवणाचं काडलं काय?" या प्रश्नाला त्या वस्तीत उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही. पुढच्या बैठकीला होडीमालक एकत्र आले आणि म्हणाले, आमची भरपाई बायकांच्या सोबतच घेऊ. त्यांत मावशीचा मुलगाही होता. जहाजाचं काम अजून उरलं होतं, कोळ्यांशी वाकडं घेऊन ते होणार नव्हतं. आणखी काही बैठका झाल्या आणि कंपनीने मान्य केलं.

बायकांची नावं सभागृहात मोठ्याने पुकारली गेली. पारूचं नाव आलं तेव्हा तिच्याआधी मावशीच ओरडली, "हाय, हाय!" तिचं स्वतःचं नाव त्यांत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "माजं कशाला? माज्या घरी होडी हाय."

त्या दिवशी साहेबांनी तिच्याकडून सुके बोंबील रीतसर विकत घेतले. भावात तिने त्यांना काही सोडलं नाही. मग वरून एक टाकला. "ह्यो माज्या हातचा. ह्याला लाच बोलायची नाय."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. थोड्याच दिवसांचं दुखणं. तिने मला काय काय दिलं, हे तिच्या तोंडावर सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर खेकसलीच असती म्हणा.

किती दिवस माझे पाय बाजाराकडे वळेनात. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, बोंबील आण ना." गेले. रांगेतली पहिली जागा रिकामी होती, तिथे कुणी बसलं नव्हतं. मी पारूसमोर उभी राहिले. भाव केला, तिनेही मला काही सोडलं नाही. पैसे तिने कनवटीला लावले. मी पिशवी मिटायला लागले, तर तिचा हात पुन्हा पाटीत गेला.

"थांब," पारू म्हणाली, आणि वरून एक बोंबील टाकला. "ह्यो तिच्या हातचा गो बाय."