पाच लिटरचा सामुराई

रक्तपेढीत बावीस वर्षं सुया टोचणाऱ्या मावशींनी भाचीच्या आग्रहाखातर सामुराई आणि निन्जांची एक जपानी ॲनिमे मालिका पाहिली. मुंडकी उडाली, रक्ताचे फवारे छताला लागले. मावशींनी मालिकेखालच्या प्रेक्षकांच्या अभिप्रायांत लिहून टाकलं, “माणसात जेमतेम पाच लिटर रक्त असतं. या सामुराईतून बादल्याच्या बादल्या निघाल्या, तरी मेला भाषण ठोकतोय!”

चाहते तुटून पडले. एकाने तर अक्कलच काढली. मावशींनी त्याला शांतपणे विचारलं, “तुमचा रक्तगट कोणता? या एकदा आमच्या रक्तपेढीत.”

गडी इरेला पेटून खरंच रक्तपेढीत आला. दंडावर तलवार गोंदवलेली. सुई पाहताच आडवा झाला. मावशींनी तोंडावर पाणी मारून त्याला शुद्धीवर आणलं.

“मालिका कशी बघता हो मग?”

“फवारा उडाला की डोळे मिटतो,” तो पुटपुटला.