मुंबईचं विमान

अमेरिकेत आयसेलिनला आमच्या समोरच्या अपार्टमेंटमधला नागपूरचा इंजिनिअर रोज संध्याकाळी बाल्कनीत स्कॅनर घेऊन बसतो. त्यावर वैमानिकांचं आणि कंट्रोल टॉवरचं बोलणं ऐकू येतं. "तुला बोलता येतं का रे त्यांच्याशी?" मी एकदा विचारलं.

"नाही ताई, ह्यात फक्त ऐकता येतं."

मुंबईच्या विमानाला टेकऑफची परवानगी मिळाली की तो चहाचा कप खाली ठेवायचा. "चला, आपलं निघालं," म्हणायचा, घरचं कुणीतरी त्यात बसल्यासारखं.

परवा तिकडे त्याची आई वारली. त्यानं लगेच तिकीट काढलं, बॅग भरली. मग व्हिसाचं काम बघणारा वकील म्हणाला, तिकडे पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येता येणार नाही. बायको, शाळेतल्या मुली, सगळं इथे. त्यानं तिकीट कॅन्सल केलं.

संध्याकाळी मी पिठलं-भात घेऊन गेले. बॅग दाराशी तशीच होती. तो बाल्कनीत बसला होता. स्कॅनरवर मुंबईच्या विमानाला परवानगी मिळाली. वैमानिकानं टॉवरचे तेच शब्द परत म्हटले.

त्यानं स्कॅनर तोंडाजवळ नेला आणि अगदी हळू म्हणाला, "जरा थांबा. मी निघालोच."