कोरडा नळ

हुडकेश्वरला आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात एक पितळी नळ आहे. पाइपलाइनचं पहिलं आश्वासन मिळालं तेव्हाच त्यांनी तो बसवून घेतला. पाणी मात्र अजून टँकरचंच. हंडा मोर्चात काकू सगळ्यांच्या पुढे, मतदानालाही सकाळीच रांगेत, आणि घरी आल्या की म्हणणार, "सारे सारखेच हायेत वं."

यंदा मत देऊन आल्या आणि बोटावरची शाई वाळायच्या आत नळाच्या तोटीला खोबरेल लावत बसल्या. मला आधी हसू आलं, मग रागच.

"काकू, याले पाणीच नाही, तेल काहून लावून राहिल्या?"

त्यांनी तोटी हळूच फिरवून पाहिली.

"जाम होऊन जाते वं. उद्या पाणी आलं अन् आपलाच नळ उघडला नाही, तं कोणाले बोलू?"