जड पांघरूण

आंघोळ आणि धुरी झाली की माझी भावजय मधुरा बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळते. आज मला ते बघवेना. "अगं, मोकळं राहू दे की त्याला!" म्हणत मीच दुपटं सैल केलं. बाळाने दोन्ही हात हवेत फेकले आणि स्वतःच्याच हातांना दचकून असा टाहो फोडला, की मी मागेच सरले. मधुराने त्याला पुन्हा गुंडाळलं. बाळ गप्प झालं.

मी मात्र गोंधळून बघत राहिले.

झोप लागत नाही, छातीत उगाच धडधडतं, म्हणून हल्ली मी काचेचे बारीक मणी भरलेलं जड पांघरूण घेते. इथे येतानाही ते ओढत आणलं. भाऊ म्हणाला, "बॅगेत पाटा-वरवंटा आणलास का?"

सगळे सांगतात, मन हलकं कर, मोकळी हो. मोकळी तर मी आहेच. घर मोकळं, दिवस मोकळा, कुठे निघालीस म्हणून विचारायला कुणी नाही. मग अंगावर ओझं घेतल्यावरच डोळा कसा लागतो? की लागतो असं मला नुसतं वाटतं? काही समजत नाही.

दुपारी जरा आडवी झाले. मधुराने येऊन ते पांघरूण माझ्या पायांखाली खोचलं, बाळाचं दुपटं खोचते अगदी तसंच.

"ताई, फार घट्ट नाही ना झालं?"

सैल कर म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "अजून थोडं."