चार वाजताची हिरवी बाटली

आमच्या कारखान्यात किस्से चिंध्यांसारखे साठतात. सकाळी मशीनवर बसताना पायाखालची फरशी स्वच्छ असते. दिवसभर कातरणं पडत राहतात, तिकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि संध्याकाळी उठायला जावं तर घोट्यापर्यंत ढीग. झाडून टाकावं म्हटलं, तर एखादा तुकडा हाताला लागतो आणि वाटतं, हा राहू दे. या उन्हाळ्यातले असे ठेवलेले तुकडे तेवढे सांगते.

कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडला. वर पत्रा, खाली सोळा बायका, आणि शाळांचे गणवेश. जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून मार्च ते मे आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. हक्काची एकच गोष्ट होती, चार वाजताचा चहा. चार वाजले की सगळी मशिनं पंधरा मिनिटं बंद. चहाला लागायची पाच मिनिटं. उरलेली दहा संडासाच्या रांगेत जायची, कारण अंगणात संडास एकच. दीडला जेवण उरकून बसलं की सहापर्यंत उठायची संधी तेवढीच. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं या पंधरा मिनिटांवरून झालं.

*

एप्रिल लागला आणि एका दुपारी चहाच्या किटलीऐवजी थंड पेयाचे क्रेट आले. हिरव्या बाटल्या, आत हिरवट-पिवळं पाणी, वर लिंबाच्या चवीचा थाट. टीव्हीवर जे पिऊन पोरं डोंगरावरून उड्या मारतात, त्यातलंच.

बिराजदार सर आमचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही. शेठचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलतात, एवढंच. ते म्हणाले, "आजपासून चहा बंद. शेठनी तुमच्यासाठी थंड पाठवलंय. जागेवरच प्यायचं. मशीन थांबवायची गरज नाही."

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी आम्ही खूश झालो. बाहेर त्रेचाळीस डिग्री, डोक्यावर पत्रा, आणि हातात गार बाटली. शांतामावशी करमाळ्याकडच्या, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी एक घोट घेतला.

"लई ग्वाड हाय. पन ह्यात लिंबू कुटं हाय?"

"मावशी, चव लिंबाचीच आहे की," सर म्हणाले.

"चव हाय, मग लिंबू कुटं गेलं?"

पद्माक्का आमच्यात सगळ्यांत जुनी. तेलुगू विणकरांच्या घरातली, बोलते कमी. तिनं बाटली संपवली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाली, "लिंबाचं राहू दे मावशी. आपली पंधरा मिनिटं कुठं गेली ते विचार."

*

मी बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून काही इंग्रजी वाचायचं असलं की ते माझ्याकडं येतं. चार दिवसांनी मी टाके तपासायचं भिंग घेतलं आणि बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. 'कन्टेन्स नो फ्रूट.' यात फळ नाही. त्याखाली, 'कन्टेन्स कॅफीन.' यात कॅफीन आहे.

फळ नाही हे ऐकून मावशी म्हणाल्या, "बगा, मी सांगत न्हवते?"

मी सरांना दुसरी ओळ दाखवली. सर हसले. "अहो सुनंदाताई, कॅफीन काळ्या थंडात असतं. हे हिरवं आहे."

"सर, छापलंय."

त्यांनी भिंग घेतलं. खिडकीशी नेऊन बाटली फिरवून फिरवून पाहिली. मग भिंग मला परत देत म्हणाले, "प्रिंटिंगची चूक असेल."

आता जे माणूस आयुष्यभर आमच्या कॉलरमधला एक सुटलेला टाका लांबून पकडत आलंय, त्याला छापलेलं अक्षर पटेना.

*

माझी मुलगी सायन्सला आहे. तिनं मोबाइलवर या पेयाचं सगळं कूळ शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी ते सांगितलं.

अमेरिकेत डोंगराळ भागात दोघा भावांनी हे पहिल्यांदा बनवलं. कशासाठी, तर दारूत मिसळायला. तिखट दारू घशाखाली उतरावी म्हणून. आणि याचं जे नाव आहे, ते तिकडं डोंगरात चोरून गाळलेल्या दारूचंच बोलीतलं नाव. नंतर त्याची चव बदलली, लिंबासारखी झाली, कॅफीन आलं, आणि ते साधं थंड पेय म्हणून जगभर गेलं. एका देशात तर बरीच वर्षं हे कॅफीनशिवाय विकलं जायचं. तिथला नियमच तसा होता.

मावशींचा घास हातातच राहिला. माळकरी बाई, इतके दिवस पीत होत्या.

सर धावत आले. "मावशी, यात दारूचा थेंब नाही. मी लिहून देतो."

"दारू न्हाय, व्हय. पन दारूच्या घरचा पाव्हना हाय की त्यो."

त्या दिवसापासून मावशींनी बाटलीला हात लावला नाही. पण जाता जाता मला बाजूला घेऊन विचारलं, "सुनंदा, त्या दुसऱ्या देशातल्या बायकांना चहाची सुट्टी असंल का गं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"इचार की पोरीला. तेवढंच ऱ्हायलं इचारायचं."

*

हा तुकडा छोटासा आहे. सर एकदा आम्हाला शिकवायला आले, की बाटली मशीनवर बसूनही कशी नीट उघडता येते. "एका हातानं झाकण, दुसरा हात कापडावर. काम थांबत नाही." उन्हात क्रेट हिंदकळत आलेला. झाकण फिरवलं आणि फवारा थेट पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर.

कुणी हसलं नाही. पद्माक्कानं फक्त सरांच्या हातात नळाखालची बादली दिली.

अख्खी दुपार सर शर्ट धूत होते. त्यांचं मात्र काम थांबलं.

*

आता थंड प्यायलं, त्यात कॅफीन, वर दिवसभराचं पाणी. जे व्हायचं ते झालं. पूर्वी चारच्या सुट्टीशिवाय न उठणाऱ्या बायका साडेचारपासून चुळबुळायला लागल्या. आणि सुट्टी तर गेलेली. मी भांडखोर नाही. पण पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईनं लघवीला जायला हात वर करून परवानगी मागावी, याची मला फार लाज वाटायची. नंतर कळलं, लाज मला वाटायचं काही कारण नव्हतं.

सरांनी तोडगा काढला. कॉलर कापायचा पुठ्ठ्याचा एक फर्मा असतो, तो त्यांनी दाराशी खिळ्याला टांगला. जिला जायचंय तिनं तो घेऊन जायचं, आल्यावर परत टांगायचं. फर्मा जागेवर नसेल तर बाकीच्यांनी बसून राहायचं. "म्हणजे एका वेळी एकच मशीन बंद," सर म्हणाले. शेठनाही हे आवडलं म्हणे.

तिसऱ्या दिवशी साडेचारला पद्माक्का उठली. हातात फर्मा. तिच्यामागं मी उठले, माझ्याही हातात फर्मा. मग एकेक करत सोळाच्या सोळा.

सर खिळ्याकडं बघायला लागले. तिथंही एक होताच.

"हे कुठनं आले?"

पद्माक्का म्हणाली, "सर, आमचं कामच ते आहे. एकावरनं सोळा कापायचे."

सरांनी सगळे गोळा केले. दुसऱ्या दिवशी खिळ्याला नवा फर्मा आला, त्यावर कारखान्याचा शिक्का आणि शेठची सही.

*

आम्ही बाटल्या घ्यायचंच बंद केलं. चारला क्रेट यायचा आणि तसाच राहायचा. तेव्हा शेठनी आम्हाला समजवायला त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर पाठवले.

डॉक्टर सज्जन माणूस. स्टुलावर बसून सगळं नीट सांगितलं. या बाटलीतलं कॅफीन साधारण एका कप चहाइतकं. मोठ्या माणसानं एखादी प्यायली तर त्यानं काही होत नाही. भीती कॅफीनपेक्षा साखरेची जास्त, आणि ज्यांना बीपी आहे किंवा झोप लागत नाही त्यांनी जपावं. लहान मुलांना देऊ नये.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, चहातलं कॅफीन आणि यातलं कॅफीन वेगळं असतं का?"

"नाही ताई, एकच."

सरांचा चेहरा उजळला. "बघा, मी हेच म्हणत होतो. चहा काय, हे काय, एकच."

"एकच आहे ना?" पद्माक्का म्हणाली. "मग चहाच द्या."

डॉक्टर हसू दाबत उठले. सरांनी गारेगार बाटली त्यांच्यापुढं धरली. डॉक्टर म्हणाले, "नको हो, मला याची सवय नाही. कोपऱ्यावरून चहा मिळाला तर बघा."

पाहुण्याला एकट्याला चहा कसा द्यायचा? अठरा कप आले. त्या दिवशी डॉक्टरांनी चहा फार सावकाश प्यायला. मला वाटतं, मुद्दामच.

*

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. एरवी ते नवी पेठेत दुकानावर असतात, इकडं महिन्यातून एखादा फेरा. जेवण आटोपून आम्ही नुकत्याच बसलो होतो.

"कसला त्रास आहे तुम्हाला?" शेठ म्हणाले. "मी काय जन्मापासून शेठ आहे? नवी पेठेत पंधरा वर्षं मशीन मारलंय. सकाळी बसलो की दिवस मावळल्यावर उठायचो. चहा नाही, थंड नाही, काही नाही."

त्यांचं खरं होतं. त्यांच्या हातानं शिवलेली कॉलर आम्ही पाहिलेली आहे.

पद्माक्का खुर्चीवरून उठली. पदरानं खुर्ची पुसली. "मग बसा की शेठ. हात बघू तरी आम्हाला."

सर म्हणाले, "अक्का, काहीतरीच काय." पण शेठनी बाह्या दुमडल्या आणि बसले.

काय शिवत होते. आम्ही घटकाभर आपापलं काम सोडून बघत राहिलो. पाऊण तासात गठ्ठा संपत आला. घामानं शर्ट पाठीला चिकटला, तेव्हा सरांनी लगबगीनं एक बाटली आणून दिली. शेठनी मशीन न थांबवता संपवली. "बघा," म्हणाले, "हे असं." चार वाजता दुसरी बाटली आली. तीही संपवली.

सव्वाचारला त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. साडेचारला एक कॉलर उलटी लागली, ती उसवायला लागले. शांतामावशी उठल्या आणि नवा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवून परत जागेवर जाऊन बसल्या.

शेठनी गठ्ठ्याकडं पाहिलं. परत दाराकडं पाहिलं.

"बिराजदार, मशीन बंद करा."

"तुमचं ना, शेठ?"

"सगळी."

सगळी मशिनं एकदम थांबली. शेठ पायात अडकलेल्या चिंध्या सोडवत, चप्पल शोधत अंगणात येईपर्यंत आम्ही सोळाजणी संडासापुढं उभ्या होत्या. सर पुढं होऊन म्हणाले, "व्हा बाजूला, शेठना जाऊ द्या."

एकही बाई हलली नाही. पद्माक्कानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी रांगेत शेवटची होते. एरवी मी कुणालाही जागा देणारी बाई आहे. त्या दिवशी नाही दिली. शेठ जरा वेळ तसेच थांबले आणि मग माझ्यामागं येऊन उभे राहिले.

ऊन होतं. रांग हळूहळू पुढं सरकत होती. शेठ एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते. शेवटी न राहवून त्यांनी मागूनच विचारलं, "ही रांग रोज एवढी असते?"

सगळ्यांत पुढं आता शांतामावशी होत्या. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तिथूनच सांगितलं, "न्हाय शेठ. आज एक मानूस जास्ती हाय."