सतरा नंबरचं पत्र

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना मुलं ‘तोफ’ म्हणत. त्या साधं बोलल्या तरी शेजारच्या वर्गात शिकवताना माझं गणित चुकायचं. हाडाच्या शिक्षिका होत्या, आणि हाडाच्या शिक्षकासमोर बसून रोज डबा खाणं ही शिक्षाच असते. मी ती पंधरा वर्षं भोगली.

दरवर्षी त्या नववीला मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहायला लावत. मागणी करा, कारणं द्या, समोरचा काय म्हणेल ते आधीच खोडा. पत्रावर नाव नाही, फक्त नंबर. सगळ्यात पटणारं पत्र लिहिणाऱ्याने ते शाळेसमोर वाचायचं आणि मुख्याध्यापकांनी तिथेच उत्तर द्यायचं. मुलींना नवीन स्वच्छतागृह असंच मिळालं, हे मी मान्य करतो.

यंदा डबा खाताना बाईंनी सतरा नंबरचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. मागणी होती: इंग्रजीच्या बाईंना ऐकू येत नाही, त्यांच्याकडून वर्ग काढून घ्या.

“फाडून टाका,” मी ओरडून म्हणालो.

“का? पटत नाही?”

पटत होतं. मी डब्यात तोंड घातलं.

बाई पत्र पुन्हा वाचू लागल्या. कविता शिकवताना त्या विचारत, कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या सुरात? तेच त्यांनी स्वतःला विचारलं असावं, कारण एकदम त्यांचा चेहरा उतरला.

“‘अनुभव मोठा आहे, पण अनुभवाने कान बरे होत नाहीत.’ हा तर माझाच सूर आहे हो. असं लिहायला मी एकाच पोरीला शिकवलंय.”

म्हणजे त्यांची भाची. आई गेल्यापासून सात वर्षं ती मावशीकडेच वाढत होती. वर्ग गेला तर बाईंकडे दुसरं काहीच उरणार नव्हतं, हे त्या पोरीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी बाईंनी दहापैकी दहा दिले. मला त्यांचा संताप आला.

वाचनाच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत पत्र हातात धरून बसल्या. पोरगी वाचत होती. त्या तिचे ओठ आणि कागदावरच्या ओळी ताडून बघत होत्या. मध्येच त्या कडाडल्या, “एक वाक्य गाळलंस! उदाहरणाशिवाय मुद्दा लंगडा पडतो. वाच!”

पोरीने मानेनेच नको म्हटलं.

“वाच म्हणते ना!”

“बाई फळ्याकडे वळल्या की मुलं त्यांच्यावर भुंकतात,” पोरगी रडत म्हणाली, “आणि बाई लिहीत राहतात. मला ते बघवत नाही.”

मागून कुणीतरी भुंकलं. सगळी शाळा खदाखदा हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? बाई समाधानाने मान डोलावत होत्या.

मुख्याध्यापक उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हणाले?”

मी त्यांच्याच हातातलं पत्र घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं: ‘पत्र पटलं. मागणी मान्य.’